धान्य गोळा करायचं, पण कोणतं?

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी वस्त्यांमधली मंडळं आणि सोसायट्या आपापल्या भागातल्या धान्यपेढीसाठी शिधा गोळा करायला निघतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मागच्या वर्षी आम्ही ‘यथाशक्ती धान्य द्यावे’ असा फलक लावला. गहू ११ कट्टे जमला, डाळ मोजून ६ किलो, तेलाच्या पिशव्या तीन. धान्यपेढीवाल्यांनी गहू उतरवून घेताना तोंड वाकडं केलं. धर्माच्या गाईचे दात कशाला मोजायचे?
*— एका मंडळाचे कार्यकर्ते, सुदामा नगर*

गाय दूध देत असेल तर दात मोजूच नयेत. पण तुमचा गहू त्यांच्याकडे भाकड पडून राहिला असणार. धान्यपेढीत येणाऱ्या बऱ्याच घरांकडे शिधापत्रिका असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे त्यांना माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्ड असेल तर घरटी ३५ किलो धान्य मिळतं, सध्या तेही मोफत. हे धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, तेल, मसाला, चहा हे त्या घरांना बाजारातूनच आणावं लागतं आणि महिन्याच्या १५ तारखेनंतर त्यालाच कात्री लागते. पोळी होते, तिच्याबरोबर खायला काही नसतं. ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांच्यासाठी पेढीला गहू लागतो हे खरं, पण तो पेढीवाले सियागंज किंवा छावणीच्या घाऊक बाजारातून एकाच जातीचा, एकाच वाणाचा ५० किलोचा कट्टा घेऊन भागवतात. अकरा कट्ट्यांत लोकवन, शरबती आणि कोणता तरी तिसराच गहू मिसळला असेल तर तो दळूनच वाटावा लागतो. दळलेलं पीठ पावसाळ्यात फार तर १५-२० दिवस टिकतं.

दोष फलकाचा होता. ‘यथाशक्ती धान्य’ म्हटलं की माणूस घरात जे जास्तीचं आहे ते देतो. आणि माळव्यात मराठी घरात जास्तीचा असतो तो गहूच.

यंदा असं करा. आधी पेढीत जाऊन विचारा की पुढच्या दोन महिन्यांत कशाची चणचण आहे आणि साधारण किती. मग एका इमारतीला किंवा एका गल्लीला एकच जिन्नस वाटून द्या. ‘अ’ इमारत तुरीची डाळ, ‘ब’ तेल, ‘क’ सोयावडी आणि हरभरा, ‘ड’ साखर आणि चहा. ४८ घरांची इमारत असेल तर निम्म्या घरांनी जरी एकेक पाकीट दिलं तरी २४ किलो एकसारखी डाळ हाती येते. निवडायला, वेगळी करायला कुणी बसावं लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी प्रत्येक दारावर एक कापडी पिशवी आणि वहीच्या पावपानाएवढी चिठ्ठी द्या. एका बाजूला मराठी, मागे हिंदी, कारण शेजारी सगळे मराठी नसतात. चिठ्ठीत चारच ओळी:

‘आपल्या इमारतीकडून फक्त तुरीची डाळ.
१ किलोचं बंद पाकीट. घरची सुटी नको.
संपण्याची तारीख दोन महिन्यांपुढची असावी.
रविवारी सकाळी ९ ते ११ दारावर येऊ.’

शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर एक आठवण, रविवारी उचल. मधे दोन-अडीच दिवस पुरतात. चिठ्ठी दहा दिवस आधी दिली तर पिशवी भाजी आणायला जाते आणि परत येत नाही. त्याच दिवशी सकाळी दिली तर फडताळात जे सापडेल ते येतं.

तेलाच्या इमारतीसाठी पिशव्या नकोत, प्लास्टिकचा क्रेट घेऊन जा आणि तेलाची पाकिटं त्यात उभी ठेवा. आडवी, एकावर एक टाकली की एखादं कोपऱ्यात फुटतं आणि खालच्या दहांना चिकटा लागतो. सुटं तेल मात्र कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी घेऊ नका. सुटं खाद्यतेल विकायला तशीही बंदी आहे.

एप्रिलमध्ये नवा गहू भरताना कोठीतला मागचा ३०-४० किलो उरतो. थोडे सोंडे झालेत, पण चाळून, उन्हं देऊन छान होईल. देऊ का? औषध घालून ठेवलेला आहे.
*— राजेंद्र नगर*

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. कोणतं औषध?

कडुलिंबाचा सुकलेला पाला असेल तर हरकत नाही, पाला काढून टाका. एरंडेल चोळलेलं असेल तरी चालेल. बोरिक पावडर चोळलेली असेल तर तो गहू धुऊन, खडखडीत वाळवून मगच दळायचा असतो. एका खोलीत पाच माणसं राहतात तिथे ४० किलो गहू वाळत कुठे घालणार? म्हणून बोरिकचा गहू देऊ नये. पाऱ्याच्या टिकड्या घालायची पद्धत काही घरांत अजून आहे. टिकडी फुटून धान्यात मिसळली की ती वेचता येत नाही. तो गहू नाहीच द्यायचा.

आणि सल्फासच्या गोळ्या घातल्या असतील तर ती कोठी आधी घराबाहेर उघड्यावर न्या. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी असते. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. हा वायू बंद खोलीत माणूस मारतो. गोळी घरगुती वापरासाठी नाहीच, ती गोदामात, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली वापरायची वस्तू आहे. तरी ती सर्रास मिळते आणि घरोघरी वापरली जाते. गोळा करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: पोत्याचं तोंड सोडल्यावर लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, किंवा गव्हात करड्या राखेची पुरचुंडी दिसली, तर ते पोतं गाडीत आणि खोलीत घ्यायचं नाही. त्यावर पाणी तर अजिबात टाकायचं नाही, पाण्याने वायू जोरात सुटतो. आणि वास येत नाही म्हणून वायू नाही, असंही समजू नये.

आता सोंड्यांचं. चाळणीतून पडतात ते मोठे किडे. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, अळी दाण्याच्या पोटातच वाढते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. उन्हाळ्यात महिन्याभरात पुढची फौज बाहेर येते, तीही पेढीच्या खोलीत, इतरांच्या चांगल्या धान्याशेजारी. शंका असेल तर मूठभर गहू पाण्यात टाकून पाहा. पोकळ दाणे वर तरंगतात. शंभरातले चार-पाच जरी तरंगले तरी तो गहू वाटपाचा नाही.

आमचं म्हणणं असं: औषध चालण्यासारखं असेल तर जुना गहू घरातच आधी संपवा आणि नव्यातून तेवढाच काढून द्या. नवा गहू दाताखाली कटकन तुटला पाहिजे. मऊ लागला, चेपला गेला तर त्यात अजून ओल आहे. उन्हातून आणलेला गरम गहू लगेच भरू नये, रात्रभर चादरीवर पसरून गार होऊ द्यावा. गरम भरला की पोत्याला आतून घाम येतो आणि मधोमध बुरशीचा गोळा धरतो. अगदीच सडलेला निघाला तर इंदूरात त्याचीही सोय आहे. तो ओल्या कचऱ्यात टाका, देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा गॅस होतो.

शाळेत वर्गावर्गांत स्पर्धा लावली, जो वर्ग जास्त किलो आणेल तो पहिला. आठवीने बाजी मारली. पण आणलं काय, तर ७० किलो मीठ!
*— शिक्षिका*

आठवी हुशार आहे. सगळ्यात स्वस्त किलो मिठाचा. चार माणसांच्या घराला १ किलो मीठ महिनाभर सहज पुरतं, म्हणजे ७० किलो ही ७० घरांची महिन्याची बेगमी झाली. पुढच्या वेळी वजन मोजू नका, गुण द्या. डाळीच्या पाकिटाला ५, तेलाच्या लिटरला ५, शेंगदाणे किंवा सोयावडी अर्धा किलोला ३, साखर-पोह्यांना २, मिठाला १, आणि मीठ वर्गाला जास्तीत जास्त १० पाकिटं. नूडल्सची पाकिटं आणि शेव मुलं आणणारच. इंदूर आहे, शेवेवाचून कुणाचं चालत नाही. पण सुटी शेव घेऊ नका, महिन्याभरात खवट होते.

आहे ते मीठ कोरड्या जागी, बाकी सगळ्यापासून लांब ठेवा. पावसाळ्यात ते पाणी ओढतं आणि पाझरतं. डाळीच्या वरच्या फळीवर तर कधीच नको.

एका घराला नेमकं किती द्यायचं? आम्ही प्रत्येकाला ५ किलोची पिशवी देतो, त्यात जे येईल ते.

जे येईल त्याने स्वयंपाक होत नाही. चार माणसं, १५ दिवस, असा हिशेब धरा. माणशी रोज ५० ग्रॅम डाळ धरली तर ३ किलो. ती सगळी तूर नको: तूर दीड, मूग किंवा मसूर एक, हरभरा अर्धा. तेल माणशी रोज १५ ग्रॅम म्हणजे ९०० ग्रॅम. एका लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे लिटरची एक पिशवी झाली. मात्र सगळ्या पिशव्या लिटरच्या नसतात, दिसायला तेवढ्याच आणि आत कमी अशाही असतात, म्हणून वरचे ग्रॅम वाचा. सोयावडी अर्धा किलो घाला. शंभर ग्रॅममध्ये जवळपास ५० ग्रॅम प्रथिनं, वजनाला हलकी आणि कोरडी ठेवली तर महिनोन्महिने टिकणारी. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या शिध्याच्या पिशवीत सोयावडी नसावी हे विचित्र आहे. पोहे १ किलो, साखर १ किलो, चहा पाव किलो, तिखट, हळद, जिरं प्रत्येकी १०० ग्रॅम, मीठ १ किलो महिन्यातून एकदाच. कार्ड नसलेल्या घराला याशिवाय १० किलो कणीक आणि ५ किलो तांदूळ.

हळद-तिखट विसरू नका. मसाल्याशिवाय तीन किलो डाळ म्हणजे तीन किलो पिवळं पाणी.

एम. वाय. रुग्णालयात झाबुआ-निमाडकडून आलेले रोग्यांचे नातेवाईक किंवा बांधकामावर नुकती आलेली माणसं यांच्याकडे शेगडीच नसते. त्यांच्या हातात कच्ची डाळ देऊन उपयोग नाही. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी करा: फुटाणे, शेंगदाणे, गूळ, सत्तू, मुरमुरे, बिस्किटं. सत्तूबरोबर एक स्टीलचा पेला दिला तर उत्तम.

लहान बाळांसाठी दुधाच्या पावडरचे डबे गोळा करायचे आहेत. कोणत्या कंपनीचे घ्यावेत?
*— तरुणींचा एक गट, तिलक नगर*

कोणत्याच नाही. १९९२ च्या कायद्याने (तो २००३ मध्ये आणखी कडक झाला) आईच्या दुधाऐवजी द्यायची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे डबाबंद आहार दान करायला किंवा वाटायला मनाई आहे. अपवाद अनाथालयांचा. कारण साधं आहे. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध आटतं, पुढचा डबा परवडत नाही, मग पावडर पाणी वाढवून पातळ केली जाते. पाणी आणि बाटली स्वच्छ नसली तर जुलाब ठरलेले. मदत करायचीच असेल तर ती आईला करा. तिच्या पिशवीत शेंगदाणे, गूळ, अळीव, खारीक, तूप. बाळाला खरोखर वरचं दूध लागत असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा.

पूर्वी घरोघरी मुष्टिफंडाचं मडकं असे. स्वयंपाकाआधी एक मूठ तांदूळ त्यात टाकायचे. ती प्रथा पुन्हा का सुरू करू नये?
*— ज्येष्ठ वाचक, रामबाग*

प्रथा सुंदर होती आणि चालली, कारण तेव्हा त्या धान्याचा स्वयंपाक एका मोठ्या पातेल्यात, एखाद्या वसतिगृहात व्हायचा. मूठ साधारण ३०-४० ग्रॅमची, म्हणजे महिन्याला घरटी किलोभर. आकडा आजही वाईट नाही. अडचण तांदळाची आहे. एका घरात कोलम, दुसऱ्यात बासमती, तिसऱ्यात आंबेमोहर. २० घरांच्या मुठी एकत्र केल्या की त्या भाताचं काही शीत गिचका होतं आणि काही कच्चं राहतं. डाळीचंही तसंच. जुनी तूर शिजता शिजत नाही, नवी विरघळून जाते. घेणाऱ्याला गॅसही जास्त जाळावा लागतो.

मडकं ठेवाच, पण त्यात धान्याऐवजी रोजचे पाच-दहा रुपये टाका आणि महिनाअखेरीस गल्लीने मिळून ३० किलोचा एक कट्टा घ्या. मूठ तीच राहिली, फक्त आतला जिन्नस बदलला.

पेढीला १० बाय १० ची एक खोली मिळाली आहे. पावसाळ्यात माल खराब होतो. काय काळजी घ्यावी?
*— लोकमान्य नगर*

माल जमिनीवर ठेवू नका. विटांवर फळ्या टाकून किमान अर्धा फूट उंच, भिंतीपासून फूटभर लांब. ते फूटभर अंतर झाडूसाठी आणि उंदरांसाठी: उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, आणि कडेला मोकळी वाट असली की त्याच्या लेंड्या दिसतात. पोती भिंतीला टेकली की तो पोत्यातूनच वाट काढतो.

१५ किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा गव्हासाठी वापरता येतो, त्यात साधारण साडेबारा किलो मावतो. सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवून दोन दिवस उन्हात ठेवला नाही तर आतला चिकटा धान्याला खवट वास लावतो. २०० लिटरच्या पिंपात दीडेकशे किलो गहू राहतो. पिंप पूर्वी रसायनांचं असेल तर नको, कितीही धुतलेलं असलं तरी. पोह्यांना मात्र जागा जास्त लागते. त्याच पिंपात पोहे गव्हाच्या निम्म्याने सुद्धा मावत नाहीत, म्हणून पोहे आणि मुरमुरे आले की आधी वाटून टाका.

साबण आणि कपड्यांची पावडर वेगळ्या कपाटात. शेजारी ठेवलेला चहा आणि कणीक तो वास आठवड्याभरात धरतात, आणि तक्रार करायला संकोचणारी माणसं तो चहा मुकाट्याने पितात.

तारखांसाठी जाड मार्करने पाकिटावर संपण्याचा महिना मोठ्या अक्षरात लिहा: ‘जाने’, ‘फेब्रु’. काही पाकिटांवर फक्त पॅकिंगची तारीख आणि ‘इतक्या महिन्यांत वापरावे’ एवढंच असतं. तो हिशेब माल घेतानाच करून टाका, वाटपाच्या गर्दीत कुणी करत नाही. नवीन माल मागे, जुना पुढे. नियम सगळ्यांना पाठ असतो, पण रविवारी १२ वाजता घाईत सगळे पुढेच लावतात. त्यावर इलाज एकच: मागून भरता येईल आणि पुढून काढता येईल अशी मांडणी मधे उभी करायची. ती जमत नसेल तर प्रत्येक महिन्याला एक रंग ठरवून त्या रंगाची दोरी बांधा.

जमलं तर मोहीम गणपतीपर्यंत थांबवू नका. पेढ्यांची फळी खरी रिकामी होते जुलै-ऑगस्टमध्ये: शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च झालेला, पावसाने रोजंदारी बुडालेली. दिवाळीत तर सगळेच देतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, फक्त बंद पाकिटांची एक फेरी काढा.

धान्य दिल्याची ८०-जी ची, म्हणजे प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी, पावती मिळेल का?

नाही. वस्तुरूप दानाला ती सवलत नाही. पैसे दिले तर, आणि संस्थेकडे नोंदणी असेल तर मिळते, पण २,००० रुपयांवरची रक्कम रोखीने देऊ नका, चेकने किंवा ऑनलाइन द्या. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट तशीही नाही. पेढीला मात्र पैसे आवडतात. घाऊक भावात त्यांना तुमच्यापेक्षा जास्त डाळ येते.

लग्नातलं उरलेलं जेवण धान्यपेढीत दिलं तर चालेल का?
*— केटरिंग व्यावसायिक*

धान्यपेढीत नको, तिथे गरम ठेवायची सोय नसते. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत आणि ते काम करणाऱ्या संस्थाही वेगळ्या. त्यांना कार्यक्रमाच्या आधीच सांगून ठेवा, पंगती उठल्यावर रात्री साडेअकराला फोन करू नका. पानात वाढलेलं किंवा बुफेच्या टेबलावर तासन् तास उघडं राहिलेलं बाजूला काढा. भांड्यातलं, ६० अंशांच्या वर गरम असलेलंच द्या आणि दोन तासांत खाल्लं जाईल असं पाहा. पनीर, श्रीखंड, दहीवडा नाही. साध्या पुऱ्या आणि कोरडी बटाट्याची भाजी सगळ्यात निर्धोक. भांडी कुणी, कधी परत करायची ते मात्र देतानाच ठरवून घ्या. बहुतेक भांडणं त्यावरूनच होतात.